वाचक विचारतात : बालेरला गेल्यावर आधी कुठे जायचं?

मागच्या अंकात फिलिपिन्सबद्दल लिहिताना मी बालेर या गावाचा ओझरता उल्लेख केला होता. ‘बोरॅकायला जरूर जा, पण तिथले दोन-तीन दिवस कमी करून बालेरला द्या,’ असं म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं शक्य नाही, म्हणून आजचं सदर सगळं बालेरचंच.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की माझी उमेदीची वर्षं मर्चंट नेव्हीत, जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. कोकणातली मुलं आणि फिलिपिनो खलाशी यांची जहाजावर कायमची सोबत. आमचा एक सारंग, म्हणजे बोसन, बालेरचा होता. त्याच्या घरी म्हणून पहिल्यांदा गेलो आणि नंतर पत्नीला घेऊन जात राहिलो. त्यामुळे मी इथे लिहितो ते माहितीपत्रकातलं नाही, त्या घरच्या ओसरीवर बसून ऐकलेलं आणि स्वतः पायांनी फिरलेलं आहे.

फिलिपिन्स म्हटलं की पांढरी वाळू आणि निळं पाणी डोळ्यांसमोर येतं. बालेरची वाळू करडी आहे, असं तुम्हीच लिहिलंत. मग इतक्या लांब जाऊन बघायचं काय? आणि जायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

वाळू करडीच आहे. केवळ वाळूसाठी जाणार असाल, तर बालेर तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

बालेर हे लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, औरोरा प्रांताचं मुख्य गाव. वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. पाठीला सिएरा माद्रेची डोंगररांग आणि समोर थेट पॅसिफिक. मधल्या चिंचोळ्या सपाटीवर भातखाचरं, नारळ आणि गाव. डोंगरामुळे मनिला लांब आणि समुद्र असा, की वर्षातले कित्येक महिने होडी घालायची सोय नाही. त्यामुळे हे गाव शेकडो वर्षं आपल्यापुरतं जगलं. या गावाला समुद्राने एकदा पुसून टाकलं, इथल्या चर्चमध्ये जवळजवळ वर्षभर वेढा चालला आणि इथेच फिलिपिन्सचा एक अध्यक्ष जन्मला. मानुएल केसोन, जन्म १९ ऑगस्ट १८७८. राजधानीला लागून असलेलं केसोन सिटी त्यांच्याच नावाचं. हे सगळं चालत आणि ट्रायसिकलने, म्हणजे बाजूला बैठक जोडलेल्या मोटारसायकलने, फिरण्याच्या टप्प्यात आहे. बघायचं आहे ते हे.

मनिलापासून अंतर साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. केसोन सिटीतल्या क्युबाओ भागातून बस सुटतात, पाच-सहा तास धरून चाला. बहुतेक लोक रात्रीची बस पकडतात आणि पहाटे उतरतात. मी मात्र दिवसाची बस घ्या असं आग्रहाने सांगेन. नुएवा एसिहा प्रांताची भातशेती मागे पडते, मग पांताबांगान धरणाचं पाणी दिसू लागतं. जुनं पांताबांगान गाव १९७०च्या दशकात या धरणाखाली गेलं. २०२४च्या कडक उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं, की जुन्या चर्चचे अवशेष आणि घरांचे चौथरे वर आले आणि लोक होड्या करून बघायला गेले. पुढे घाट सुरू होतो. वळणं फार आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. घाट उतरताना झाडांच्या फटीतून समुद्र पहिल्यांदा दिसतो, तो बघायला जागं असायला हवं.

व्हिसाचं बरेच जण विचारतात. जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, पुरेसे पैसे आणि सहा महिने मुदतीचा पासपोर्ट एवढं दाखवावं लागतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. निघण्याआधी दूतावासाचे ताजे नियम वाचा आणि ई-ट्रॅव्हलची, म्हणजे देशात शिरण्यासाठीची ऑनलाइन, नोंदणी विमानतळावर जाण्याआधीच करा.

आमची मुलगी मैत्रिणींबरोबर बालेरला जाणार म्हणते आहे. तिथे पूर्वी त्सुनामी आली होती असं वाचलं आणि जीव घाबरा झाला. वादळंही सारखी येतात म्हणे. पाठवावं का?
– एक आई, नाशिक

ताई, पाठवा. तिला एवढंच सांगा, की बालेरला पोचल्यावर पहिल्याच दिवशी, समुद्रात पाय घालण्याआधी, एर्मिता टेकडीवर जायचं.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २७ डिसेंबर १७३५ रोजी समुद्र आत आला आणि तेव्हाचं किनाऱ्याजवळचं गाव धुऊन गेलं. जुन्या स्पॅनिश कागदांत त्याला ‘त्रोम्बा मारिना’ म्हटलं आहे. थोडी कुटुंबं टेकडी चढून वाचली. गावात आजही सांगतात, की ती सात कुटुंबं होती. आंगारा, बिहासा, बितोंग अशी त्यांची आडनावं शाळेतली मुलंही म्हणून दाखवतात. वाचलेल्यांनी मग गाव पुन्हा वसवलं, ते समुद्रापासून थोडं आत, आज आहे त्या जागी.

टेकडीवर त्या रात्रीचं शिल्प आहे. माणसं एकमेकांना धरून, ओढून वर घेताहेत. एका आईच्या कडेवर मूल आहे. वरची माणसं खालच्यांना हात देताहेत. मी पहिल्यांदा ते सारंगाच्या आईबरोबर पाहिलं. तिने शिल्पातल्या एका हातावर स्वतःचा हात ठेवला आणि खाली दिसणारा सबांग किनारा, नदीचं मुख, आतलं गाव असं एकेक करत दाखवलं. पाणी कुठून आलं, कुठपर्यंत गेलं, लोक कुठून धावले. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण ती शेजारच्या वाडीत परवा घडल्यासारखी सांगत होती. त्यानंतर बालेरमध्ये जे जे पाहिलं, ते मला वेगळं दिसलं. गाव समुद्रापासून जरा आत का आहे, हे कळलं. म्हणून सगळ्यांना सांगतो, टेकडी आधी.

आता व्यवहाराचं. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा भूकंप जाणवला, किंवा पाणी अचानक मागे हटलं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं. तिथल्या पोरांना हे शिकवलेलं असतं, आपल्या मुलींनाही माहीत असू दे. राहण्याची जागा घेतल्यावर ‘वर जायचा रस्ता कोणता’ हा प्रश्न मालकिणीला विचारून ठेवावा. कुणी हसणार नाही, उलट कौतुकाने दाखवतील.

वादळांचा मुख्य मोसम जून ते नोव्हेंबर-डिसेंबर. ऑक्टोबर २०१५मध्ये याच औरोरा प्रांतात, बालेरच्या उत्तरेला कासिगुरानजवळ, कोप्पू हे मोठं चक्रीवादळ जमिनीवर आलं होतं. पण चक्रीवादळ सांगून येतं. ‘पगासा’ ही तिथली हवामान संस्था बरेच दिवस आधी इशारे देते. त्यांचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला, हॉटेलच्या पैशांकडे बघू नका. मार्च ते मे हे महिने त्या मानाने शांत. पहिल्या वेळेला मुली जाणार असतील, तर तेच बरे.

मी इतिहास शिकवतो. बालेरच्या चर्चमध्ये स्पॅनिश सैनिक युद्ध संपल्यावरही लढत राहिले, ही गोष्ट कितपत खरी? आज तिथे प्रत्यक्ष काय उरलं आहे?
– एक शिक्षक, कोल्हापूर

सर, गोष्ट खरी आहे आणि वाटते त्याहून अवघड आहे.

वेढा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, चोरदरवाजे येतात. इथे यातलं काहीही नव्हतं. गावातली एकमेव दगडी इमारत म्हणजे चर्च. १८९८च्या जूनअखेर, स्पेनविरुद्धचा उठाव पेटलेला असताना, पन्नासएक स्पॅनिश सैनिक धान्य आणि दारूगोळा घेऊन त्यात शिरले आणि दारं-खिडक्या बुजवून बसले. बाहेर फिलिपिनो क्रांतिकारकांनी खंदक खणले. १ जुलै १८९८पासून २ जून १८९९पर्यंत, ३३७ दिवस हे चाललं.

दरम्यान १० डिसेंबर १८९८ला स्पेन-अमेरिका युद्ध संपवणारा तह पॅरिसमध्ये झाला आणि स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. ज्या राजासाठी हे लोक लढत होते, त्याची इथली सत्ताच संपली. बाहेरून निरोप जात होते, वर्तमानपत्रं टाकली जात होती, स्वतः स्पॅनिश अधिकारी येऊन सांगत होते. आतल्यांना ते सगळं कारस्थान वाटत होतं.

आतल्यांना गोळ्यांपेक्षा जास्त मारलं ते बेरीबेरीने. जुना तांदूळ, खराब झालेलं पीठ, डब्यातले सार्डिन मासे, हिरवं काहीच नाही. पाय सुजायचे, मग माणूस उठायचा नाही. हा रोग जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं. चर्चचे पाद्री गेले, मग एक लेफ्टनंट आलोन्सो सायास, मग नोव्हेंबरमध्ये कॅप्टन दे लास मोरेनास. सूत्रं लेफ्टनंट सातुर्निनो मार्तिन सेरेसो यांच्याकडे आली. डॉक्टर व्हिहिल दे किन्योनेस स्वतः आजारी होते आणि ताजी पालेभाजी, फळं मिळाल्याशिवाय कोणी वाचणार नाही असं त्यांचं मत होतं. १४ डिसेंबरला काही सैनिक अचानक बाहेर पडले, जवळची घरं पेटवली आणि भोपळ्याचा पाला, संत्री असं जे हाती लागलं ते आणलं. त्यानंतर आजार ओसरला.

इथे मी नेहमी थांबतो. ती जळलेली घरं बालेरच्या लोकांची होती. आणि शरण जाण्याच्या आदल्या दिवशी, १ जून १८९९ला, पळून जाण्याच्या आरोपाखाली कैदेत ठेवलेल्या आपल्याच दोन सैनिकांना मार्तिन सेरेसो यांनी गोळ्या घातल्या. या वेढ्याला नुसतं ‘अतुलनीय शौर्य’ म्हणून मोकळं होता येत नाही. तुम्ही वर्गात सांगाल तेव्हा हे दोन्ही सांगा, अशी माझी विनंती आहे.

विश्वास बसला तो एका बारीक बातमीने. मे महिन्याच्या शेवटी एका स्पॅनिश अधिकाऱ्याने टाकलेल्या वर्तमानपत्रात मार्तिन सेरेसो यांच्या एका सैनिकी मित्राच्या स्पेनमधल्या मालागाला झालेल्या बदलीची चार ओळींची नोंद होती. त्या मित्राने मालागाला जायचा बेत फक्त त्यांनाच बोलून दाखवला होता. शत्रूला ही गोष्ट रचता येणं शक्यच नव्हतं. म्हणजे अंक खरा, म्हणजे युद्ध खरोखरच संपलं. ३३ सैनिक आणि नंतर आत अडकलेले दोन पाद्री बाहेर आले.

यापुढचा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो. ३० जून १८९९ला फिलिपिनो क्रांतिकारकांचे अध्यक्ष एमिलिओ आगिनाल्डो यांनी हुकूम काढला, की या माणसांना कैदी न मानता मित्र मानावं आणि सुखरूप पाठवावं. ज्यांनी वर्षभर गोळ्या झेलल्या होत्या, त्यांच्याच बाजूकडून हा हुकूम निघाला. त्याच्या स्मरणार्थ ३० जून हा फिलिपिन्स-स्पेन मैत्री दिन म्हणून पाळला जातो. २००३च्या त्या कायद्यामागे होते सिनेटर एदगार्दो आंगारा, बालेरचेच. आडनाव ओळखीचं वाटलं असेल, वर टेकडीच्या उत्तरात आलं आहे.

आज काय दिसतं, तर चर्च आहे, चालू आहे, पण वेढ्याच्या वेळची इमारत नाही. १९३९मध्ये ती पुन्हा बांधली गेली. बाहेर वेढ्याची हकिगत सांगणारा फलक आहे. आत गेलात तर फोटोची घाई न करता मागच्या बाकावर दहा मिनिटं बसा आणि नजरेने मोजा. एवढ्याशा जागेत पन्नास माणसं, आजारी, मेलेले, विहीर, स्वयंपाक सगळं. मेलेल्यांना आतच पुरलं होतं. शनिवारी दुपारी मी तिथे होतो, तेव्हा दोन मुली वेदीजवळ फुलं लावत होत्या आणि त्यांची आजी फरशी पुसत होती. मी फलक वाचून आलो हे बघून आजीने फडकं बाजूला ठेवलं आणि सांगितलं, ‘माझ्या आजोबांचे वडील बाहेरच्या बाजूला होते.’ एवढंच बोलून पुन्हा फरशी पुसू लागली.

जवळच केसोन उद्यान आणि म्युझिओ दे बालेर आहे. संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं. चर्चच्या शेजारी दोन्या औरोरा यांचं घर जतन केलं आहे. त्या केसोन यांच्या पत्नी आणि नात्याने चुलतबहीण, जन्म बालेरचाच. प्रांताला त्यांचंच नाव दिलं आहे. २८ एप्रिल १९४९ला, नवऱ्याच्या नावाच्या रुग्णालयाच्या उद्घाटनासाठी बालेरला येताना, बोंगाबोनच्या डोंगरात त्यांच्या गाड्यांवर हल्ला झाला आणि त्या मारल्या गेल्या. बरोबर त्यांची मोठी मुलगीही गेली. गावातल्या वयस्कर बायका त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

मी हर्णैचा. लहानपणापासून समुद्रात पोहतो. बालेरला सर्फिंग शिकायचं आहे. कोणता महिना धरू? आणि तिथे सर्फिंग आलं कुठून?
– एक तरुण वाचक, हर्णै

भावा, पोहता येतं हे उत्तम, पण आपल्या किनाऱ्याचा अंदाज तिथे लावू नकोस. आपल्याकडे पाणी खवळतं ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने, पावसाळ्यात. बालेरला लाटा चढतात त्या ईशान्य वाऱ्याने, ज्याला ते अमिहान म्हणतात. म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. जाणकार सर्फर तेव्हाच येतात आणि फेब्रुवारीत स्पर्धाही होतात. तू नवशिका आहेस, तेव्हा मार्चनंतर लाटा बसल्यावर जा. तेव्हाही शिकण्यापुरती लाट मिळते.

शिकायचं ते सबांगला. तळाला वाळू आहे, पडलास तरी लागत नाही. किनाऱ्यावरच शिकवणारे असतात, बोर्ड आणि शिकवणं यांचे मिळून तासाचे पैसे आधी ठरवून घे. सेमेंतो या दुसऱ्या जागेची लाट सुंदर आहे, पण तळाला खडक आणि प्रवाळ. तिथे पहिल्या वर्षी जायचं नाव काढू नकोस. नदीच्या मुखाशी चार्लीज पॉइंट आहे, तोही सरावलेल्यांसाठीच.

त्या नावातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९७६मध्ये दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमातला सर्फिंगचा प्रसंग इथे चित्रित केला. त्यातल्या ‘चार्ली डोन्ट सर्फ’ या संवादावरून पॉइंटला ते नाव पडलं. मंडळी परत जाताना बोर्ड मागे ठेवून गेली आणि गावातल्या पोरांनी त्यावर स्वतःचं स्वतः शिकायला सुरुवात केली, असं गाव सांगतं. आज जे काका किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने देताना दिसतात, त्यातले काही त्या पोरांचे पुतणे-भाचे. गावाची मिळकत भात, नारळ आणि मासळी एवढीच होती, तिला ही जोड मिळाली. मला याचं फार अप्रूप वाटतं. शिकवणाऱ्याला त्याच्या घरात पहिलं कोण शिकलं ते विचार, तास कमी पडेल.

एक गोष्ट लक्षात ठेव. लाटांच्या मधे पाणी शांत दिसतं, तिथेच पुष्कळदा बाहेर ओढणारा प्रवाह असतो. ओढला गेलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नकोस. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पड, मग आत ये. बोर्ड सोडायचा नाही. आणि लाल झेंडा असेल त्या दिवशी वाळूतच बसायचं.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल असं काय आहे? धबधब्यापर्यंत नेता येईल का?
– एक वाचक, सातारा

दितुमाबोच्या धबधब्याला नेऊ नका. सान लुईस हद्दीतला हा धबधबा देखणा आहे, उंची साधारण १४० फूट. पण गाडी थांबते तिथून अर्धा-पाऊण तास चालावं लागतं, वाटेत ओढा पुन्हापुन्हा ओलांडायचा आणि गोटे शेवाळलेले. गुडघ्यांना तो रस्ता चालणार नाही. तुम्ही एकटे पहाटे जाऊन या, ते पाणी डोक्यावर घेण्यासारखं आहे. त्यांच्यासाठी दिगिसितचा धबधबा बघा. तो किनाऱ्याच्या रस्त्याला अगदी लागून आहे, ट्रायसिकलमधून उतरलं की समोर. तिथून समुद्रातले खडकाळ सुळकेही दिसतात.

पण आई-वडिलांना मुख्य दाखवायचं ते बालेते झाड. शेजारच्या मारिया औरोरा गावात आहे, वाट सपाट. बालेते म्हणजे आपल्या वड-पिंपळाच्या कुळातलंच झाड. वय सहाशे वर्षं सांगतात. पक्ष्याने दुसऱ्या झाडावर बी टाकलं, मुळं खाली उतरली, जमिनीत रुजली, जाड होत गेली आणि मधलं मूळ झाड कुजून संपलं. त्यामुळे आत पोकळी आहे आणि माणूस वाकून आत शिरतो. आत उभं राहून वर बघितलं, की मुळांच्या जाळीतून आभाळाचे तुकडे दिसतात. पोरं आतून चढून वरच्या फटीतून डोकं काढतात. वडिलांना चढवू नका, पण आत जरूर उभं करा.

बालेतेत न दिसणारी मंडळी राहतात, असं फिलिपिनो लोक मानतात. जवळ जाताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणून परवानगी मागतात. माझ्या पत्नीने ते ऐकलं, चपला काढल्या, झाडाला हात लावून नमस्कार केला. वाट दाखवणाऱ्या मुलाला इतकं बरं वाटलं, की त्याने तिला दुसऱ्या बाजूच्या मुळांत उगवलेली ऑर्किड दाखवायला नेलं. तुमच्या आईलाही सांगावं लागणार नाही.

एर्मितावर पायऱ्या आहेत, पण गाडीरस्ताही आहे. ट्रायसिकलवाल्याला वरपर्यंत ने म्हणून आधीच ठरवा. ट्रायसिकलमध्ये बसायला थोडं वाकावं लागतं, तेव्हा बाजूची रुंद बैठक असलेली निवडा आणि दिवसभरासाठी एकच ठेवा.

आणखी एक. तिथली मुलं मोठ्यांचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावतात. कुणी तसं करायला पुढे आलं तर वडिलांनी हात मागे घेऊ नये, तो नमस्कार आहे.

आम्ही पूर्ण शाकाहारी. उपाशी राहायची वेळ येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागेल. तिथे भाजीतही बागोओंग, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, किंवा माशाचा पातीस पडतो. मुगाची आमटी असते, पण तिच्यात बहुतेकदा डुकराचं मांस. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा नको, कोळंबी नको, बागोओंग नको, पातीस नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. छोट्या खानावळीत सकाळीच सांगितलं तर नारळाच्या दुधातला लाल भोपळा, लसणीचा भात, वांगी असं वेगळं करून देतात. पाको ही नेच्याच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर जरूर खा, फक्त खारवलेलं अंडं चालत नसेल तर वगळायला सांगा. रस्त्यावर साबा केळी साखरेत तळून काडीला लावून मिळतात, सुमान मिळतो. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून पानात बांधलेला. बसच्या प्रवासाला दोन-चार बरोबर घ्या, दिवस निघतो.

मेतकूट आणि चटणीची पुडी मात्र न्याच.

तिथली काही हस्तकला घेण्यासारखी आहे का? मनिलाच्या मॉलमध्ये मिळते ती नको.
– एक वाचक भगिनी, सावंतवाडी

सबुतानची टोपी घ्या. सबुतान हे केवड्याच्या कुळातलं झुडूप, तुमच्याकडच्या किनाऱ्यावर केवड्याची बनं आहेत, तेव्हा पानाच्या कडांचे काटे तुम्हाला सांगायला नकोत. बालेर आणि सान लुईस परिसरातल्या बायका हे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

मी एका घरी बसून बघितलं. बाईने पानाचे कडेचे काटे आणि मधला कणा सुरीने काढून टाकले. मग दातेरी अवजारावरून पान ओढलं, की सारख्या रुंदीच्या पट्ट्या निघाल्या. त्या उकळून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेल्या होत्या, काही रंगवलेल्या. विणायला बसताना तिने पट्ट्या जरा ओलसर केल्या आणि टोपीच्या मधोमधून, टाळूपासून सुरुवात केली. बोटं इतकी वेगात, की कोणती पट्टी कुठून वर आली ते मला शेवटपर्यंत पकडता आलं नाही. पट्टी जितकी बारीक, तितके दिवस जास्त आणि किंमतही तितकी जास्त. जाड विणीची टोपी स्वस्तात मिळेल. बारीक विणीची महाग वाटली तरी तिथे घासाघीस करू नका, ते दिवस तिच्या बोटांचे आहेत. घेताना टोपी उजेडासमोर धरा. फटी सारख्या दिसल्या आणि काठ सुटा नसला, म्हणजे काम चांगलं.

चटया, पिशव्या, पंखेही असतात. मापाची टोपी हवी असेल तर विणायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी, टेकडीवरून खाली आल्यावर, ऑर्डर देऊन टाका आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी घ्या. घरी आणल्यावर पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, बुरशी धरते. अधूनमधून सावलीत वारा लागू द्या.